आधी पाखरांची पाळी

भर दुपारी दार लावून झोपलेल्या माणसाला तुम्ही मेलेला म्हणाल काय? नाही ना? मग श्रीगोंद्यापासून कर्जतपर्यंत पसरलेल्या माळाला आपण आजवर मेलेला का म्हणत आलो?

'आपण' म्हणतो आहे, पण आधी 'मी' म्हणायला हवे. गेल्या साली मी एक पत्रक लिहिले. 'नगर जिल्ह्याचे वाळवंट' हे त्याचे नाव, सोळा पाने, किरमिजी कागदाचे वेष्टन. स्वराज्य उंबरठ्यावर होते. नव्या राज्याला आपल्या जिल्ह्याचे खपाटीला गेलेले पोट दाखवावे, असा माझा हेतू. हेतू चांगला होता. अभ्यास मात्र एवढाच की हा माळ मी एकदा सर्व्हिस मोटारीच्या खिडकीतून, बाराच्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल टाकून पाहिला होता. तेवढ्या भांडवलावर मी बाराव्या पानावर लिहिले: 'या भूमीवर गवताची काडी नाही, पाखराचा पंख नाही. ही भूमी मेली आहे. तिच्यात नांगर घाला, म्हणजे ती उठेल.'

हे वाक्य लोकांना फार आवडले. कापडबाजारात दोघांनी मला ते पाठ म्हणून दाखवले. माझी लेखणीच पत्रकांवर घडलेली आहे. बेचाळीस साली थोरला भाऊ सदऱ्याखाली दडवून जी बुलेटिने आणायचा, तीच माझी क्रमिक पुस्तके. वाक्य गोफणीतल्या दगडासारखे सुटले पाहिजे, हे मी त्यांतून शिकलो. दगड कोणाला लागतो तेही पाहावे लागते, हे शिकायला मला यंदाचा वैशाख लागला.

चैत्राच्या अखेरीस मला एक पत्र आले. लिहिणारे दावीद मास्तर, माळाच्या कडेच्या एका खेड्यातल्या मिशन शाळेचे शिक्षक. आमची ओळख नव्हती. पत्र असे:

'आपल्या पत्रकाचे बारावे पान प्रांतसाहेबांच्या फायलीत चिकटवलेले मी स्वतः पाहिले. जास्त धान्य पिकवायचे म्हणून आमचा माळ बाहेरगावच्या एका ठेकेदाराला नांगरायला द्यायचे घाटते आहे. जमीन निर्जीव असल्याचा पुरावा म्हणून आपलेच वाक्य जोडले आहे. येत्या शुक्रवारी शेवटची पाहणी आहे. इथे धनगरांची चाळीस बिऱ्हाडे या माळावर जगतात. आपण पत्रकाने जे बांधले ते येऊन सोडवावे, ही विनंती.'

मी पत्र तीनदा वाचले. मग पिशवीत दोन सदरे आणि पत्रकाची एक प्रत टाकून स्टेशन गाठले.

श्रीगोंद्याहून पुढे

रेल्वेचे आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीचे हाल सांगत बसत नाही. ज्याने ते भोगले आहेत त्याला नवल नाही, आणि ज्याने भोगले नाहीत त्याचा विश्वास बसायचा नाही. श्रीगोंद्याला दावीद मास्तर छकडा घेऊन उभे होते. चाळिशीचे, काळेसावळे, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही म्हातारे असाल. पत्रकातली भाषा फार रागावलेली आहे."

"राग खरा होता, मास्तर."

"राग खराच असतो. पाहणी खरी असायला हवी होती."

सुदैवाने बैलांनी चाक खड्ड्यात घातले आणि तो विषय तिथेच थांबला.

गाव मागे पडले, उसाचे हिरवे पट्टे संपले, आणि माळ सुरू झाला. कसा सांगू? नगरला आपल्याला चौकाच्या पलीकडचे दिसत नाही. इथे नजर सुटते ती आभाळाला जाऊन टेकते. तांबूस मुरूम, मध्येच काळ्या खडकाची उघडी पाठ, आणि त्यावर वाळलेल्या गवताचा पिवळा पातळ थर. क्षितिजावर पाणी लखलखत होते. मी चटकन म्हणालो, "तळं!" मास्तर हसले. "तेच ते. गेल्या साली पत्रक लिहिताना तुम्हाला ते कसं दिसलं नाही? निदान तेवढं तरी लिहायचं होतं." मृगजळ होते ते. त्यात एक बाभळ उलटी लटकत होती.

एका वळणावर मी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला एक झुडूप लालभडक पेटले होते. पान एकही नाही, नुसत्या हिरव्या काटेरी काड्या, आणि त्यांवर विटेच्या रंगाची फुलेच फुले. वैशाखात, जिथे दगडाला हात लावला तर भाजतो तिथे! "नेपती," मास्तर म्हणाले. "हिला पानांची चैन परवडत नाही. पण फुलायचं सोडत नाही." मी मनातल्या मनात बाराव्या पानावर पहिली काट मारली.

दुपार कलता आम्ही धनगरांच्या वाड्यावर पोचलो. वाडा म्हणजे नगरच्या सरदारांचा नव्हे. काट्यांचे कुंपण, आत मेंढरे, बाजूला घोंगड्यांच्या पालांत चाळीसांपैकी सहा-सात बिऱ्हाडे. पुढे होऊन आली ती साळूआक्का. पन्नाशीची बाई, उन्हाने रापलेली, दंडात चांदीची वाकी, हातात तिच्याहून उंच काठी. मास्तरांनी माझी ओळख करून दिली. तिने मला टाचेपासून टोपीपर्यंत पाहिले.

"ह्योच का त्यो, ज्यानं आमाला मारलं?"

"आक्का, मी चुकलो. ते सुधारायला आलोय."

"येवढासा तर हाय! आन् लिवतो केवढं!" मग पालाकडे वळत म्हणाली, "बस. मेलेल्या मानसाच्या हातची भाकर चालंल न्हवं तुला?"

पालापालांतून हसू फुटले. मीही हसलो. दुसरे काय करणार?

भाकरी बाजरीची, चुलीवरून थेट हातावर. सोबत हुलग्याचे माडगे आणि नेपतीच्या कच्च्या फळांचे लोणचे. त्या काटेरी झुडपाची फळे मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवतात. कडू, आंबट, तिखट सगळे एकदम जिभेवर येते आणि दुसरा घास आपोआप मागितला जातो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत सात पदार्थ वाढतात आणि एकाचीही चव आठवत नाही. इथे तीन होते आणि तिन्ही अजून जिभेवर आहेत.

माझा पहिला गुन्हा

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर ओढ्याचे कोरडे पात्र होते. त्यात काळ्या खडकात बैलगाडीएवढी लांबट खळगी, आणि तिच्या बुडाशी एक झिरा. साऱ्या परिसराचे पाणी तेवढेच. दिवसभरात मेंढरे आणि माणसे मिळून ते तळाला नेत, आणि रात्रभर पाझरून सकाळी ते पुन्हा भरलेले असे.

दुसऱ्या दिवशी मी तांबडे फुटायलाच उठलो. शहरातली सवय. नळाला पाणी आले की धावायचे, नाहीतर शेजारीण हंडा पुढे सारते. कासराभर दिवस वर आला तेव्हा मी लोटा, पंचा आणि साबण घेऊन खळगीच्या काठावर मांडी घालून बसलो होतो. आकाशात पाखरांचा एक थवा भिरभिरत होता. खाली यायचा, पुन्हा वर जायचा. दोन सुरांत काहीतरी ओरडत होता. मला वाटले, सकाळचे गाणे असेल. मी डोक्यावर पाणी ओतले आणि मोठ्याने स्तोत्र सुरू केले.

"ऊठ! ऊठ की मेल्या!"

साळूआक्का काठी उगारून ओढ्यात उतरत होती. मी पंचा सावरत उभा राहिलो.

"कुनाच्या पाळीत बसलास तू?"

"पाळी? इथं तर कोणीच नाही, आक्का."

"वर बघ, वर! त्यांची पाळी हाय. अर्धा कोस उडून आलेत बिचारे, आन् तू हितं साबन लावतुयास!"

तिने माझा लोटा उचलला आणि मला दंडाला धरून ओढतच हिवराच्या झाडाआड नेऊन बसवले. "आता हालू नगं." पण पाखरे बिथरली होती. चार-सहा उतरली, बाकीची तशीच तहानलेली निघून गेली. आक्काने कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी ती बोलली नाही. मास्तरांनी समजावले तेव्हा कळले. या माळावर पाण्याचा एक कायदा आहे. तो कोणी लिहिलेला नाही आणि कोणी मोडत नाही. सकाळी आधी पाखरे पाणी पितील, मग मेंढरे, मग माणसे. ही पाखरे म्हणजे पखुर्ड्या; त्या पिऊन जाईपर्यंत कोणाचे मेंढरू ओढ्यात उतरत नाही आणि कोणाची घागर पाण्याला लागत नाही.

"दया म्हणून?" मी विचारले.

साळूआक्काच पलीकडून फणकारली. "दया कसली! तुमी शहरातलं लोक, तुमाला समदी दयाच दिसती. अरं, पाखराला ठावं असतं पानी कुठं हाय. आज हितं उतरत्यात, उद्या न्हाई उतरली की समजायचं, झिरा आटला न्हाईतर पानी बिघडलं. मग ती ज्या अंगाला जात्यात त्या अंगाला आमी वाडा हलवतो. माज्या सासऱ्यानं अशीच तीन दुष्काळं काढली. पाखरू रुसलं तर आमाला वाट कोन दावनार? तुजं पत्रक?"

नगरला आमच्या आळीत नळावर पाळी लावायची म्हणून सभा भरवावी लागली, ठराव करावा लागला, आणि तो ठराव तिसऱ्या दिवशी मोडला. हे मी आक्काला सांगितले नाही.

माळ उठतो तेव्हा

पुढचे दोन दिवस मी साळूआक्काच्या मागे मागे फिरलो. तिचा राग मावळला तो मी न विचारता चार कोकरे खांद्यावर वाहून आणली म्हणून. ती पुढे चालायची, मी धापा टाकत मागे. ती काठीने दाखवायची, मी वहीत लिहायचो.

उजाडता उजाडता काळविटांचा कळप पाहिला. काळ्या पाठीचा, पीळदार शिंगांचा एक नर पुढे. आमची चाहूल लागताच तो जागच्या जागी वर उडाला. मागचे पंधरावीस एकामागून एक तसेच उडाले, जणू जमीनच त्यांना वर फेकत होती. पावले टेकत होती की नाही देव जाणे. धुरळाही उठला नाही.

माळढोक पाहिला. तो मी नगरला चित्रातही पाहिला नव्हता. माणसाच्या कमरेइतका उंच पक्षी, डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. गावच्या वतनदार पाटलाने मागे हात बांधून शिवार बघत फिरावे तसा तो गवतातून चालत होता. आम्ही बसलो, तोही थांबला. आम्ही उठलो, तो चार पावले गेला. मग पंख उघडले. ते पंख उघडतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. जाड सतरंजी झटकावी तसा.

मी त्याच्याकडे बघत पुढे पाऊल टाकत होतो, तोच आक्काची काठी माझ्या नडगीवर बसली. मी कळवळलो. "खाली बघ," ती म्हणाली. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरमावर, टिटवीची चार अंडी होती. खड्यांमध्ये खडे. मुरमाचा रंग, मुरमाचेच ठिपके. डोक्यावर टिटवी किंचाळत होती आणि ते ओरडणे मी इतका वेळ ऐकतच नव्हतो.

"तुजं असंच हाय बघ," आक्का म्हणाली. "लांबचं बघतूस आन् पायाखालचं तुडवतूस."

एका टेकाडावर तिने मला बसवले आणि काठीच्या टोकाने गवताचा वाळका ठोंब उकरला. वर तीन बोटे पिवळी काडी, खाली हातभर मुळे. ओलसर. मुठीत घेतली तर माती गार लागली. त्याच्या खाली लगेच कातळ. "ही मुळं हायती तवर माती हाय," ती म्हणाली. "नांगर फिरला की मुळं निगतील. मग एक वावटळ, आन् माळाची माती तुज्या नगराच्या बाजारात." मी जे लिहिले होते त्याचा अर्थ मला त्या क्षणी, त्या गार मुठीत कळला. 'नांगर घाला, म्हणजे ती उठेल.' उठेलच. धूळ होऊन.

शुक्रवार, दुपार

प्रांतसाहेब जीपमधून आले. लढाईतून उरलेली खाकी जीप, पुढे ड्रायव्हर, मागे नकाशाची गुंडाळी घेतलेला तलाठी. वेळ दुपारी साडेबाराची! साहेबलोक माळावर याच वेळी येतात, कारण जेवण उरकून निघावे लागते. माळावर त्या वेळी काय होते? काहीही नव्हते. झळा नाचत होत्या. काळविटे दूर बाभळींत बसलेली, पाखरे कुठल्या कुठे सावलीत, मेंढरेसुद्धा एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी. माझ्या बाराव्या पानाची हुबेहूब तसबीर.

साहेब मध्यम वयाचे, डोक्याला पांढरी टोपी, चष्मा लावलेले, घामाने निथळणारे. पण माणूस उद्धट नव्हता. मी पुढे होऊन नाव सांगितले. ते आनंदले.

"वा! तुम्हीच का ते? तुमचं पत्रक मला फार उपयोगी पडलं."

"साहेब, तेच सांगायला आलो आहे. ते खोटं आहे."

मी सगळे सांगितले. खिडकीतून पाहिले, दुपारी पाहिले, न चालता पाहिले. ही जमीन मेलेली नाही. इथे हरणे आहेत, माळढोक आहेत, पखुर्ड्यांचे थवे आहेत, हातभर मुळांचे गवत आहे. मी तसे लेखी दिले आणि खाली सही केली. वाईट एवढेच वाटले की हे वाक्य बाराव्या पानासारखे ठसकेबाज नव्हते.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, चारी दिशांना नजर फिरवली. "गृहस्था, तुमचं पहिलं लिहिणं खोटं, तर दुसरं खरं कशावरून? मला तर आत्ता पहिलंच खरं दिसतंय."

पत्रकवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही.

"सकाळी बघा, साहेब," दावीद मास्तर म्हणाले. "एक सकाळ."

"मला उद्या कचेरी आहे, मास्तर. चला, तलाठी, लिहून घ्या."

ते जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने कळ दाबली आणि जीपच्या तोंडातून फुस्सकन् वाफेचा लोट निघाला. चढ चढताना पाणी उकळून संपले होते. निदान दोन घागरी थंड पाणी घातल्याशिवाय ती हलणार नव्हती. ड्रायव्हर डबा घेऊन ओढ्यात धावला आणि तसाच परत आला. खळगीत तळाशी ओंजळभर गढूळ पाणी. मेंढरांची पाळी नुकतीच संपलेली. वाड्यात पिण्यापुरते दोन हंडे होते, ते साहेबांनीच घेऊ दिले नाहीत. गाव तीन कोस, आणि तिथल्या विहिरीही याच अवस्थेत.

"सकाळी भरतंय पानी," साळूआक्का शांतपणे म्हणाली. "तवर बसा. भाकर हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना वाटले असावे की जीपचे पाणी मीच काढून घेतले. देवाशपथ, नाही.

शनिवार, सकाळ

सूर्य उगवला तसा ड्रायव्हर डबा घेऊन निघाला. खळगी काठोकाठ भरली होती. वाटेत साळूआक्का काठी आडवी धरून उभी.

"थांब. पाखरांची पाळी हाय."

"आक्का, सरकारी मोटार हाय ही!"

"मग? पाखरं काय खाजगी हायत?"

ड्रायव्हर साहेबांकडे पाहू लागला. साहेबांचे ओठ किंचित हलले. हसू होते. "किती वेळ लागेल, बाई?"

"यील की आता. तुमी झाडामागं बसा. आन् ती पांढरी टोपी काढा."

साहेबांनी टोपी काढली, मास्तरांनीही काढली. आम्ही पाच जण हिवराआड उकिडवे बसलो. प्रांत, तलाठी, ड्रायव्हर, मास्तर आणि मी; आक्का आमच्या पुढ्यात. त्या सकाळी माझ्यामुळे ती बिथरून गेली होती. आज आलीच नाहीत तर? चाळीस बिऱ्हाडांचा माळ माझ्या साबणाने बुडायचा होता.

सूर्य कासराभर वर आला. काही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिले. आणखी थोडा वेळ. काही नाही.

आणि मग पूर्वेकडून तो दोन सुरांचा आवाज आला.

आधी पाच. ती पाण्याजवळ नव्हे, दूर उघड्या मुरमावर उतरली आणि दिसेनाशी झाली, इतका त्यांचा रंग मातीचा. मग वीस. मग आभाळाच्या साऱ्या बाजूंनी, बाणासारख्या टोकदार पंखांच्या टोळ्याच टोळ्या. मुरूम चालू लागला! खरोखर, जमीन जागी होऊन पाण्याकडे सरकत होती. काठावर येऊन ती पटापट घोट घेत आणि भुर्रकन् उठत, तोवर दुसऱ्या टोळीने जागा घेतलेली असे. धक्काबुक्की नाही, भांडण नाही.

"बावन्न, त्रेपन्न..." साहेब पुटपुटत होते. "अहो, थांबा, पुन्हा चुकलो."

काही नर मात्र पिऊन उडाले नाहीत. ते पाण्यात पोटापर्यंत शिरले आणि छातीची पिसे फुलवून हेलकावे घेऊ लागले.

"हे काय, आंघोळ?" साहेबांनी कुजबुजत विचारले.

"बाप हाय त्यो," साळूआक्का तितक्याच हळू म्हणाली. "पिल्लं माळावर हायत. त्यास्नी उडता येत न्हाई. छातीवर पानी नेतुया."

"छातीवर?"

"मग! घागर कुठं हाय त्याच्याकडं?"

तो नर उठला. ओली छाती उन्हात चमकली, दोन थेंब गळाले, आणि तो सरळ रेषेत माळाकडे निघून गेला. मी साहेबांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढला होता. मोजणे थांबले होते. एवढ्यात समोरच्या काठावर सात काळविटे येऊन उभी राहिली, वारा हुंगला, आणि माना खाली घालून पिऊ लागली.

ती गेल्यावर आक्काने तोंडात बोटे घालून शीळ घातली. मेंढरे ओढ्यात लोटली. मग बायका घागरी घेऊन आल्या. सगळ्यात शेवटी आक्का ड्रायव्हरकडे वळली. "हं, आता सरकारची पाळी. घे."

प्रांतसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांनी तिथेच दगडावर बसून तलाठ्याकडून कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिले. मी खांद्यावरून वाचले: 'सदर पाहणी सकाळी समक्ष केली. जमीन पडीक नसून जिवंत कुरण व पाणवठा आहे. मातीचा थर पातळ असल्याने नांगरटीस अयोग्य. ठेक्याचा प्रस्ताव नामंजूर.' मग त्यांनी फायलीतून माझे बारावे पान सोडवले आणि माझ्या हातात दिले. "हे तुमचं. पुन्हा लिहाल तेव्हा आधी चालत जा."

जीप गेली. मास्तरांनी साहेबांच्या शेऱ्याची उतरवून घेतलेली नक्कल मोठ्याने वाचली. आक्का म्हणाली, "वाच की पुन्यांदा." पुन्हा वाचली. मग एका म्हाताऱ्याने कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि त्या कागदाला लावला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" ढोल निघाले. भर सकाळी, वैशाखाच्या उन्हात, धनगरी गजी नाच नाचणाऱ्यांचे रुमाल भंडाऱ्याने पिवळे झाले. मास्तरांची टोपी पिवळी झाली, क्रूसही पिवळा झाला. मला आक्काने दंडाला धरून रिंगणात ओढले. मला नाचता येत नाही. त्या दिवशी आले.

स्वराज्य मी सभांतून ऐकले होते, पत्रकांतून छापले होते. लिहिता न येणाऱ्या बाईच्या कायद्यापुढे सरकारची मोटार थांबली आणि सरकारने ते हसत मानले, तेव्हा ते मी प्रथम डोळ्यांनी पाहिले.

आता तुमच्याकडे वळतो. जिल्ह्यात असे माळ ठिकठिकाणी आहेत. प्रत्येक तलाठ्याच्या दप्तरात काही जमिनींपुढे 'पडीक' हा एकच शब्द लिहिलेला आहे, आणि तो लिहिणारा बहुतेक वेळा तिथे गेलेला नाही. म्हणून एक काम करा. या आठवड्यात आपल्या तलाठ्याकडे जा आणि आपल्या गावची कोणती जमीन पडीक म्हणून लिहिली आहे ते विचारून घ्या. मग जो मेंढपाळ तिथे मेंढरे चारतो त्याला सोबत घेऊन, सूर्य उगवण्यापूर्वी तिथे जाऊन बसा आणि तो सांगेल तोवर हलू नका. जे दिसेल ते साध्या शब्दांत कागदावर लिहा, खाली त्याचा अंगठा घ्या, तुमची सही करा, आणि तो कागद नांगर पोचायच्या आत मामलेदार कचेरीत नेऊन द्या.